ताईंच्या डाव्या हाताला

५ जानेवारी २०२५, रविवार

नमस्कार करून बसले मी! आता निस्तर म्हणावं.

आज अकादमीत समारोहाची नावं जाहीर व्हायची होती. मी घरून ठरवून निघाले होते की सरांना आधीच गाठायचं आणि सांगायचं — मला सोलो नको, मला अहल्याताईंच्या गाण्यात साथीला बसवा. त्यांच्या डाव्या हाताला, पेटी घेऊन. दुसरं काही मागणं नाही. पण प्रभाकर सर पायरीवरच भेटले. हसून म्हणाले, "निहारिका, यंदा पेटीचा सोलो तुझा." आणि मी काय केलं? वाकले! थेट पायांना हात! डोकं काही बोलायच्या आत कंबर वाकून मोकळी. सवयच तशी लागलीय. सर कौतुक करोत की रागावोत, आम्ही आधी वाकतो.

झालं. सरांनी डोक्यावर हात ठेवला, आत जाऊन भय्यासाहेबांच्या फोटोपुढे माझ्या नावाचा नारळ ठेवला, पेढे फिरले. भय्यासाहेबांनी ही अकादमी आणि हा समारोह काढला तेव्हापासूनची रीत आहे — नमस्कार केला म्हणजे जबाबदारी घेतली, नारळ ठेवला म्हणजे विषय संपला. तो नारळ समारोह झाल्यावरच फुटतो. मध्ये कुणी उचलल्याचं ऐकिवात नाही.

आणि आणखी एक नियम — एका विद्यार्थ्याने समारोहात मंचावर एकदाच बसायचं. सोलो तर सोलो, साथ तर साथ. म्हणजे ताईंची साथ गेली पेटीच्याच वर्गातल्या सौमित्रकडे. त्याला हवा होता सोलो! पेढा असा चघळत होता जशी कडुनिंबाची पानं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

६ जानेवारी

बाबांना कळलं. मी नाही सांगितलं, सरांनीच फोन केला. आता उज्जैनच्या पूर्ण फ्रीगंज बाजाराला कळेल.

७ जानेवारी, मंगळवार

कळलं.

दुपारी डबा द्यायला दुकानात गेले तर समारोहाचं पोस्टर आलेलंही होतं आणि लागलेलंही होतं. कुठे? नंबर तपासायचा अक्षरांचा तक्ता असतो ना, त्याच्या शेजारी. आमचं चष्म्याचं दुकान आहे, बाबा स्वतः डोळे तपासतात. समोर एक आजोबा बसले होते. बाबा म्हणतात, "अंकलजी, अब उधर देखिए. बीच में क्या लिखा है?" आजोबांनी अडखळत वाचलं, "एकल हारमोनियम... निहारिका..." बाबा खूश! "बिटिया है हमारी. चश्मा एकदम सही बैठा है आपको."

हसू आवरेना मला. पण आता यांना कसं सांगू? बाबांना इतकं खूश याआधी कधी बघितलं होतं ते आठवत नाही.

८ जानेवारी

आईला सांगून टाकलं. आई शाळेत गणित शिकवते, तिचं सगळं सरळ असतं. म्हणाली, "नको आहे तर नको म्हण. त्यात एवढं काय करून राहिली आहेस?"

"नमस्कार केला ना मी."

"मग? सही थोडीच केलीस?"

तिला नाही कळायचं. सही खोडता येते.

९ जानेवारी, गुरुवार

आज गेले होते. बोलायचंच म्हणून. सर लहान मुलांना अलंकार शिकवत होते, मला बसवून घेतलं, चहा मागवला, सोलोसाठी कोणता राग म्हणून विचारायला लागले. मी म्हटलं, "सर, मला जरा बोलायचं होतं..." ते म्हणाले, "घाबरायचं नाही. मी आहे ना?" इतक्या मायेने म्हणाले की माझे शब्द चहाबरोबर खाली गेले. आणि निघताना — पुन्हा वाकले!

दुसऱ्यांदा स्वीकारला म्हणजे सोलो. धन्य!

११ जानेवारी, शनिवार

सगळे विचारतात, घाबरलीस का? अजिबात नाही. सोलो मला वाजवता येतो. बरा वाजवते. पण त्यात मला मजा येत नाही, हे कुणाला पटतच नाही. जसं काही साथ म्हणजे सोलो न जमलेल्यांची जागा!

मला साथच आवडते. लहान असताना पहिल्यांदा समारोहाला आले तेव्हा ग्वाल्हेरच्या अहल्याताई पोतनीस गात होत्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते, मी मात्र शेजारच्या पेटीवाल्या काकांकडे. ताई कुठे वळणार ते त्यांना कसं कळतं? ताई थांबल्या की काका एवढासाच सूर पुढे ठेवायचे, पाहुण्यापुढे पाण्याचा पेला ठेवतात तसा. ताई पुन्हा गायला लागल्या की काका गायब! पेटी चालूच, पण ऐकू येत नाही. मला वाटलं, हे जमलं पाहिजे. अजून तेच वाटतं. सोलोत मी काय वाजवणार ते मला आधीच माहीत असतं. साथीत पुढच्या क्षणी काय होणार ते देवालाही माहीत नसतं. कान इतके उघडे दुसरीकडे कुठेच राहत नाहीत माझे.

ताई आता चौऱ्याहत्तरच्या आहेत. त्यांची सगळी रेकॉर्डिंग मी पेटी घेऊन ऐकलीत. मोबाईलमधल्या ताईंना साथ करत असते मी! आई म्हणते वेडी आहेस. असेन. सुखी आहे पण.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अकादमीच्या मैदानावर पोरांची गिल्ली-डंडा, वर पतंग. सरही खेळले, पहिल्याच फटक्यात गिल्ली शेजारच्यांच्या गच्चीवर. आज फार छान दिवस होता. तिळगूळ द्यायला गेले तेव्हा एकदा तोंडाशी आलं, पण संक्रांतीच्या दिवशी हातात तिळगूळ घेऊन कुणाला नाही म्हणतात का? वाकले. तिसऱ्यांदा. आता मोजणं सोडते.

सौमित्र गच्चीवर गिल्ली आणायला निघाला होता. मी म्हटलं, "तुझी ताईंची तयारी कशी चाललीय?" म्हणाला, "मागे बसून भाता मारायला काय तयारी लागते?"

मारावंसं वाटलं. भात्यानेच.

१७ जानेवारी

फोनवर वाकता येत नाही, म्हणून फोन केला. सर म्हणाले, "खुश रहो बेटा, बोल." मी म्हटलं, "काही नाही सर, सहज." कठीण आहे बाई माझं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज झालं ते सगळं नीट लिहून ठेवते.

अहल्याताई आल्या! समारोहाच्या आधी दोन-तीन दिवस येऊन राहतात त्या, अकादमीतल्या मुलांना शिकवतात. बारीक झाल्यात. आवाज खाली आलाय थोडा, पण सूर लावला की अजून अंगावर काटा येतो. सकाळी पोहे खाल्ले, वर सेव मागून घेतली, म्हणाल्या, "ग्वाल्हेरला अशी सेव नाही मिळत रे प्रभाकर," आणि लगेच तालमीला बसल्या. पेटीवर सौमित्र. मी मागे तानपुऱ्यावर. तालमीत तानपुऱ्याला कुणीही बसतं, म्हणून मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते.

सौमित्रचा हात काय सुरेख आहे! खरंच. पण ताईंनी एक ओळ म्हणायचा अवकाश, हा तीच ओळ सजवून परत. ताई श्वास घ्यायला थांबल्या की याची तान. वरच्या षड्जाकडे जायला त्यांना आता वेळ लागतो, हळूहळू चढतात — हा आधीच वर जाऊन उभा! ताई एकदा थांबल्या. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबल्या. मग अगदी गोड म्हणाल्या, "बाळ, फार छान वाजवतोस तू. इतकं छान की मला गायला जागाच उरत नाही."

सौमित्रचे कान लाल झाले. सर खाली बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं —

"सर, मला सोलो नको. मला ताईंच्या साथीला बसायचंय. पहिल्या दिवसापासून हेच सांगायचं होतं."

कशी बोलले? सांगते. तानपुरा मांडीवर होता! दोन्ही हात अडकलेले. वाकायची सोयच नव्हती.

सर म्हणाले, "नारळ ठेवलाय तुझ्या नावाचा." आवाज चढवला नाही, पण दुखावले होते. "नमस्कार केलास तू मला."

"चुकून केला सर."

"नमस्कार चुकून?"

मला रडू फुटलं. म्हटलं, "सवय आहे सर. तुम्ही मार दिला असता तरी केला असता."

यावर ताई हसल्या. मोठ्याने हसल्या, पदर तोंडाला लावून. मग मला विचारलं, "सोलो सोडून साथ का मागतेस ग? तिथे तर सगळे तुलाच ऐकतील."

मी म्हटलं, "मला तुम्हाला ऐकायचंय. सगळ्यात जवळून."

ताई सौमित्रला म्हणाल्या, "बाळ, जरा पेटी दे तिला." बसले. ताईंनी सूर लावला आणि मी विसरले सगळं. तीच बंदिश, तोच वरचा षड्ज. त्या चढायला लागल्या तेव्हा मी वर गेलेच नाही. खालच्या सुरावर थांबून राहिले. त्या पोचल्यावर हळूच तिथे गेले. एवढंच.

नंतर सर बराच वेळ फोटोसमोर उभे होते. मग म्हणाले, "नारळ उचलत नाही मी. समारोहाचा आहे, समारोहालाच फुटेल. सोलो सौमित्र करेल, पण घरी विचारून ये. तुझ्या बाबांना मी तोंड देणार नाही."

सौमित्र बाहेर भेटला. "पागल आहेस का? सोलो कोण सोडतं?" मी म्हटलं, "तुला नको असेल तर सांग." पळत गेला रियाजाला!

२२ जानेवारी, बुधवार

बाबा.

दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. सांगितलं सगळं. ते एक चष्मा पुसत होते, तो पुसतच राहिले. मग म्हणाले, "लोक पुढे बसायला मरतात, आणि तू मागे बसायला भांडून आलीस?"

"मागे नाही बाबा, बाजूला."

"एकच ते." मग थोड्या वेळाने, "इंदूरहून काका येऊन राहिले आहेत. सगळ्यांना सांगितलंय मी. आता काय सांगू — माझी मुलगी दुसऱ्याच्या गाण्यात पेटी धरणार?"

मी म्हटलं, "हो. तसंच सांगा."

"कर तुला काय करायचं ते," म्हणाले. ही परवानगी नव्हती, हे मला समजतं. पण नाहीसुद्धा म्हणाले नाहीत. जेवताना माझ्या पानात भाजी त्यांनीच वाढली.

फार वाईट वाटतंय. साथीचं नाही. बाबांचं.

२३ जानेवारी

ताईंबरोबर दोन तालमी. आनंद आनंद आनंद. दुसरं काही सुचत नाही लिहायला.

२४ जानेवारी, शुक्रवार

समारोह सुरू. पहिल्या दिवशी लहान मुलांचं वृंदगान, एकाचं जॅकेट उलटं होतं. गोड गायले.

दुपारी दुकानात गेले तर ते पोस्टर नव्हतं! मग बघते तर नवीन पोस्टर, सौमित्रच्या नावाचं, त्याच जागी. एक बाई बसल्या होत्या वाचायचा चष्मा घ्यायला. बाबांनी पोस्टर काढून त्यांच्या हातात दिलं. म्हणाले, "सबसे नीचे, सबसे छोटे अक्षर में क्या लिखा है, पढ़िए." बाईंनी वाचलं — "हारमोनियम संगत, निहारिका."

बाबा म्हणाले, "पढ़ लिया? मतलब नंबर सही है." आणि माझ्याकडे न बघता, "हे छोटं अक्षर एक बरं आहे. चष्मा खरा की खोटा लगेच कळतो."

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "कालपासून शोधून राहिले होते, तुझं नाव कुठे छापलंय ते."

२५ जानेवारी

सौमित्रचा सोलो. टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. माझ्या जागी तो होता म्हणून नाही लिहीत, पण ती जागा त्याचीच होती. खाली उतरून मला म्हणाला, "थँक्स यार." एवढंच. त्याच्यासाठी पुष्कळ झालं.

२६ जानेवारी, रविवार

घरी आलोय आत्ताच. आधी लिहायला बसले.

मंचावर भैरवगढच्या छापाची चादर, ताई मध्ये, उजवीकडे तबला, डावीकडे मी. शाल होती तरी ताईंची बोटं थंड होती. बसताना त्यांनी माझा हात धरला तेव्हा कळलं. म्हणाल्या, "घाईत सोडू नकोस मला." मी मान हलवली.

काय गायल्या! पहिला आलाप इतका सावकाश की मांडवातली कुजबुज आपोआप बसली. मधल्या एका जागी त्यांचा श्वास पुरेना. मला दिसलं, गळ्याची शीर ताठ झाली. तो वरचा षड्ज मी अगदी बारीक धरून ठेवला, त्यांना नुसतं येऊन टेकता यावं म्हणून. टेकल्या. असा सूर लागला की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळेच मिटले. मग तर ताई हसत हसत गायला लागल्या, कुठे वळतील नेम नाही, आणि मी बरोबर. प्रत्येक वळणाला बरोबर. कधी कधी मला कळेना की सूर त्यांनी लावला की मी.

संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. बस. मला आणखी काही नको होतं.

सरांनी नारळ फोडला. पहिला तुकडा सौमित्रला, दुसरा मला. मी वाकले. या वेळी ठरवून वाकले.

२७ जानेवारी, सोमवार

नाश्त्याला बाबांना विचारलं, कसं झालं? जरा ओशाळले. म्हणाले, "खरं सांगू? बाईंचं गाणं फार भारी. पण तुझी पेटी मला ऐकूच नाही आली ग. सुरुवातीला लक्ष ठेवून बसलो होतो, तुझंच ऐकायचं म्हणून. नंतर विसरूनच गेलो तू आहेस ते. सॉरी हं."

मी उठून त्यांच्या गळ्यात पडले. पोह्यांची प्लेट सांडली. बाबांना काही कळेना. "अरे, मी तर तारीफ पण नाही केली!"

केली बाबा. याच्याहून मोठी तारीफ पेटीवाल्याची नसते.

२९ जानेवारी

सुखाचे दिवस. कॉलेजात मन नाही. मार्चमध्ये ताईंचं पुण्याला गाणं आहे, सरांकडून कळलं. मी विचारणार आहे — येऊ का साथीला? फोन लागला की आधी विचारणार, नमस्कार नंतर. सरांकडून नंबर घेतलाय. आई म्हणते, परीक्षा आहेत मार्चमध्ये. असू देत!

मनात आतापासून आगगाडीत पेटी कुठे ठेवायची ते चाललंय.

१ फेब्रुवारी, शनिवार

सर घरी आले होते. ताईंनी त्यांना फोन केला. पुणं रद्द, पुढचंही सगळं रद्द. तब्येत ठणठणीत आहे म्हणाल्या, पण आता मंचावर गाणार नाही. सरांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "उज्जैनला मनासारखं गाऊन झालं रे प्रभाकर. इतक्या वर्षांत असं नव्हतं झालं. आता थांबायला हरकत नाही. त्या मुलीला सांग."

सर गेल्यावर पेटीपाशी बसून राहिले. थोडी कच्ची वाजवायला हवी होती मी.